धूर दिसला म्हणून

लातूर जिल्हा झाला आणि गावाला एकदम बाळसं चढलं. कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, पाट्यांखाली बसणारे साहेब आले, साहेबांच्या जिपा आल्या. सगळं आलं, फक्त पाऊस आला नाही. पूर्वी एकेका कागदासाठी उस्मानाबादला खेटे घालावे लागत, ते वाचले म्हणून लोक खूश होते. खरं म्हणजे खेटे संपले नव्हते, जवळ आले होते एवढंच. पण दुष्काळात माणूस एवढ्यावरही खूश होतो, त्याला कोण काय करणार.

मार्केट यार्डाच्या मागे गुरुपादप्पांची करडईच्या तेलाची मिल होती. करडई गाळण्याआधी वाफेवर शेकावी लागते, नाहीतर ती नीट तेल सोडत नाही. त्या वाफेसाठी मिलच्या मागच्या अंगाला लाकडावर चालणारा बॉयलर होता आणि बॉयलरची उंच चिमणी. मधल्या काळ्या रानात एक झाड उरलं नव्हतं, त्यामुळे ती चिमणी आसपासच्या सगळ्या गावांतून दिसायची. झाडं कुठे गेली हे कुणी विचारत नव्हतं. ती ह्याच चिमणीतून गेली होती.

संभाची माय धुरपताबाई ह्या चिमणीच्या जिवावर जगत होती. शेतातली कामं बंद पडली तशी वस्तीतल्या बाया ओढ्याकाठी बाभळीचे बुडखे खणायला जायला लागल्या. वरचं झाड ज्यानं तोडलं त्यानं तोडलं, जमिनीतला बुडखा मात्र कुणालाच नको होता, कारण तो काढायचा म्हणजे कुदळीनं अर्धा दिवस जमिनीशी भांडायचं. धुरपताबाई साठी ओलांडलेली, अंगावर मांस नाही, पण भांडणात ती कुणाला हार जायची नाही, जमिनीला कशाला जाईल. बुडखे फोडून मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन मिलच्या फाटकातल्या काट्यावर टाकायची, आणि येताना ज्वारी घेऊन यायचं. तिच्यामागे सून पंचशीला, आणि सुनेमागे वस्तीतल्या आणखी बाया.

संभाचं म्हणाल तर तो रोजगार हमीवर खडी फोडायचा. ते काम पंधरवडाभर चालायचं आणि मग महिनाभर साहेबाची सही अडायची. एके दिवशी धुरपताबाईनं काट्यावर मोळी टाकली आणि समोर उभ्या गुरुपादप्पांना म्हणाली, “अप्पा, ह्या मोळीसंगं माजं पोरगंबी आत घ्या. त्याचं वजन नका करू.”

गुरुपादप्पा हसले. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा शर्ट, माणूस मनानं वाईट नव्हता. पण पोतं फाटून दोन दाणे सांडले तर ते वेचल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचा नाही. त्यांनाही माणूस हवाच होता. बॉयलर सांभाळणारा मारोती म्हातारा झाला होता, जन्मभर आगीकडे बघून त्याच्या डोळ्यांत पांढरं उतरलं होतं. त्यात लाकूड मिळेनासं झालेलं आणि भट्टी तर खाखा करत होती. त्यांनी संभाला सांगितलं की मारोतीच्या हाताखाली शीक, कमी लाकडात तेवढीच वाफ काढून दाखव, दाखवलीस तर मारोतीनंतर ही जागा तुझी. कायमची.

कायमची. संभाच्या, म्हणजे सोनकांबळ्यांच्या घरात आजवर कुणाचंच काही कायमचं नव्हतं, एक दुष्काळ सोडला तर. घरी येऊन संभानं तो शब्द सांगितला तेव्हा पंचशीलानं त्याला दोनदा म्हणायला लावला. म्हातारीनं भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोपुढे हात जोडले आणि पोराला सांगितलं की नीट शीक, आपल्या घरात कुदळीशिवाय दुसरं हत्यार कुणी धरलं नाही.

शिकायला तो बसला खरा, पण पहिल्याच दिवशी त्यानं जे केलं त्यावर मारोती बरेच दिवस हसत होता. संभाला आग म्हणजे मायची चूल ठाऊक. चुलीत लांब लाकूड घालायचं, टोक जळत जाईल तसं मागून पुढे सारायचं, लाकूड तोडायचा त्रास नको आणि वायाही जात नाही. आमच्याकडे अख्खा मुलूख असाच भाकरी भाजतो. संभानंही भट्टीचं लोखंडी दार सताड उघडलं, पुरुषभर लांबीची तीन लाकडं आत खुपसली, त्यांची शेपटं बाहेर ठेवली आणि उकिडवा बसून एकेक आत सारायला लागला. आग काय सुंदर पेटली होती. आणि वाफेचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा मात्र खाली खाली यायला लागला, वाफ पडली, आत करडई कच्ची राहिली.

मारोती मूळचा नांदेडकडचा. मुदखेड जंक्शनला इंजिनावर कोळसा मारण्यात त्याचा जन्म गेला होता, लेक लातुरात दिलेली म्हणून इकडे आला. दिसत कमी असलं तरी भट्टीचं त्याला आवाजावरून कळायचं. तो चाचपडत आला, त्याचा हात बाहेर आलेल्या लाकडांना लागला आणि तो म्हणाला, “दार उघडं ठिवून काय करून राहिला रे? आत थंड वारं घुसून राहिलं. तुझं लाकूड त्या वाऱ्याला तापवून राहिलं, पाण्याला न्हाई.”

दुसऱ्या दिवशी संभानं शहाणपण केलं. दार बंद ठेवायचं ना, मग एकदाच भरून मोकळं व्हावं, म्हणून भट्टी गळ्यापर्यंत ठासली. आग गुदमरली. चिमणीतून असा काळा धूर निघाला की शेजारचा डाळ मिलवाला भांडायला आला. मारोतीनं ह्या खेपेला हसणं सोडून समजावून सांगितलं. लई दिवसाच्या उपाशी माणसाला आपण एकदम पोटभर वाढत नाही, पेज देतो, मग थोडा भात. हिलाही तसंच वाढायचं. आणि दुष्काळातल्या माणसाला ही गोष्ट दुसऱ्यांदा सांगावी लागली नाही.

मग संभा खरंच शिकत गेला. लाकडं हातभर लांबीची तोडायची, जाड असतील तर उभी चिरायची. रचताना मधे फटी ठेवायच्या, पण लाकडांखालची लोखंडी जाळी कुठे उघडी पडू द्यायची नाही, कारण उघड्या जागेतून वारं फुकट निघून जातं. नवं लाकूड एका अंगाला घालायचं आणि दुसऱ्या अंगाचे निखारे फुललेले राहू द्यायचे, म्हणजे नव्याचा धूर जुन्याच्या आगीत जळून जातो. दार उघडून टाकून बंद करायचं ते एका श्वासात. खालची राख ओढायची, पण सगळी नाही. धुराड्याची झडप आगीच्या मागणीप्रमाणे वरखाली करायची. आणि डोळा कायम पाण्याच्या काचेवर. ही काचेची उभी नळी बॉयलरला जोडलेली असते, आत पाणी किती आहे ते तीत दिसतं. मारोती म्हणायचा की आग चुकली तर तेल कच्चं राहील, पाणी चुकलं तर मिलच राहणार नाही. काचेतलं पाणी दिसेनासं झालं तर वरून पाणी सोडायचं नाही, तापल्या लोखंडावर पडलं की बॉयलर फुटतो. ओली राख टाकून आग मारायची आणि झडप लावायची. हे त्यानं संभाकडून पाठ करून घेतलं होतं.

सगळ्यात शेवटी त्यानं धूर वाचायला शिकवला. काळा निघाला म्हणजे लाकूड न जळताच आभाळात चाललं. चांगल्या आगीला धूर नसतोच, चिमणीच्या तोंडाशी नुसती हवा हलल्यासारखी दिसते. संभा दर थोड्या वेळानं अंगणात येऊन मान वर करायचा. एक दिवस त्याला ती हलणारी हवा दिसली, मागे आभाळ तसंच कोरडं निळं. त्याला इतका आनंद झाला की त्यानं मारोतीला हात धरून बाहेर आणलं. म्हाताऱ्याला काहीच दिसलं नाही, पण त्यानं वर तोंड करून वास घेतला आणि मान डोलावली.

आनंद फार दिवस पुरला नाही. जे लाकूड आठवड्यात संपायचं ते आता दोन आठवडे पुरायला लागलं. मिलच्या आवारातला ढीग बसायचा तो बसेना. गुरुपादप्पा रोज ढिगाला एक चक्कर मारून संभाच्या पाठीवर थाप द्यायचे. असंच एकदा खुशीत असताना त्यांनी विचारलं की अजून काय केलं म्हणजे लाकूड वाचेल, आणि संभानं, नव्यानं शिकलेल्या माणसाच्या हौसेनं, घडाघडा सांगून टाकलं. ओलं लाकूड आधी स्वतःचंच पाणी उकळत बसतं. बुडख्याला माती असते, ती जाळीत अडकते. वाळकी, चिरलेली बाभळ मिळाली तर विचारायलाच नको.

दुसऱ्या दिवशी फाटकावर हुकूम निघाला. बुडखे बंद. ओलं बंद. वाळकी बाभळ ट्रकनं येईल, तीही लागेल तेव्हाच.

भट्टीच्या दारातून फाटक दिसायचं. संभानं लाकूड आत टाकलं, दार लावलं, घाम पुसायला मान फिरवली, तर काट्यापाशी माय उभी. डोक्यावर मोळी तशीच. काटेवाला काहीतरी सांगत होता आणि ती ऐकत होती, आणि तिच्यामागे पंचशीला आणि साऱ्या बाया मोळ्या घेऊन उभ्या होत्या. म्हातारी भांडली नाही. हेच संभाला सहन झालं नाही. जिनं दगडाशी भांडून बुडखे काढले ती काटेवाल्याशी भांडली नाही, कारण आत तिचं पोरगं कायम व्हायचं होतं. ती वळली आणि आली तशी मोळी घेऊन परत गेली. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, संभानं तो मायच्या डोक्यावर पाडला होता.

घरी त्याला कुणी बोललं नाही. एकट्याच्या कमाईत घर चालेल, असं पंचशीला म्हणाली. पण वस्तीतल्या बाकीच्या बायांचं काय, हे तिनं विचारलं नाही आणि तेही त्याला ऐकू आलं. शेजारच्या सुमनबाईच्या घरी चूल पेटली नव्हती. पूर्वी तिच्याकडे सरपण नसायचं म्हणून पेटायची नाही. आता दारात मोळी पडली होती आणि तिच्यावर शिजवायला काही नव्हतं.

मग संभानं जे केलं ते बरोबर होतं की चूक हे ज्यानं त्यानं ठरवावं. तो मुद्दाम वाईट जाळायला लागला. दार उघडं ठेवायचं, जाळी उघडी पाडायची, ठासून भरायची. शिकलेलं विसरणं शिकण्यापेक्षा अवघड असतं. हात आपोआप नीट रचायला जायचे आणि तो त्यांना मागे ओढायचा. ढीग बसायला लागला. ट्रक वेळेवर येईना, दुष्काळात वाळकी बाभळ मागून मिळते थोडीच. नाइलाजानं फाटकावर पुन्हा मोळ्या घ्यायला लागले, बुडख्यांसकट. संभानं मायला सांगून ठेवलं की उगाच रोज पायपीट करू नका, ओढ्यावरून चिमणी दिसते ना, धूर काळा दिसला की समजायचं लाकूड लागतंय, तेव्हाच या. धूर नाही दिसला तर नका येऊ.

बाया कुदळ मारता मारता चिमणीकडे बघायला लागल्या. काळा धूर दिसला की एकमेकींना हाका मारायच्या आणि मोळ्या उचलायच्या. पाणी भरलेल्या ढगाकडे बघावं तसं बघायच्या, पंचशीला हसून सांगायची. आणि घरात ते हसू ऐकलं की संभाला वाटायचं, कायमचं नसलं तरी हे बरं आहे.

मारोतीला कळायला वेळ लागला नाही. आंधळ्यापासून आग लपवता येते, आगीचा आवाज नाही. शिवाय इतकी लाकडं कोंबली की मधेच वाफ जास्त व्हायची आणि वरचा व्हॉल्व्ह शिट्टी मारून पांढरी वाफ आभाळात सोडून द्यायचा. अशीच एकदा शिट्टी झाली. मारोती भिंतीला पाठ लावून बसला होता. तो रागावला नाही. त्यानं संभाला जवळ बोलावलं.

“मायसाठी करून राहिला, म्हाईत हाय मला,” तो म्हणाला. “लाकडाचं मी काही म्हणत न्हाई. पण वर जाऊन राहिलं ते पाणी हाय, संभा. ते कुठून आणशील?”

 मिलच्या बोअरचं पाणी खोल गेलं होतं, मोटर अर्धा वेळ नुसती हवा ओढायची, आणि पाणी येई तेही असं जड की काचेच्या नळीवर पांढरी खपली धरायची. फाटकाबाहेर नळावर बाया घागरी घेऊन रात्रीपासून रांगा लावत होत्या. आणि तो मायच्या मोळीसाठी घागरीच्या घागरी आभाळात सोडत होता. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण इथे दोन्ही कोरडे होते.

त्या दिवसापासून त्यानं पुन्हा नीट जाळायला घेतलं. चिमणीवरची हवा परत हलायला लागली. एखाद्या दिवशी घरातलं पीठ अगदीच संपलेलं असलं की तेवढा एक दिवस ढिगातले ओले बुडखे घालायचा आणि काळा धूर करायचा, व्हॉल्व्ह मात्र उडू द्यायचा नाही. असे दिवस कमी कमी होत गेले. बाया ओढ्यावर बसून वाट बघायच्या, एखादीच हाक मारायची की आज दिसतंय काय, आणि दुसरी म्हणायची, काय नाय. सुमनबाई लेकरं घेऊन किल्लारीकडे बहिणीकडे निघून गेली. धुरपताबाईनं मोळ्या बांधून दारात रचून ठेवल्या होत्या, लागलंच तर हाताशी असाव्यात म्हणून. त्या ढिगामुळे घराचं दार अर्धं झाकलं गेलं होतं.

मारोतीला गावाकडून आलेल्या त्याच्या मुलानं मुदखेडला नेलं. जाताना त्यानं संभाच्या डोक्यावरून हात फिरवला, भट्टीच्या दारावरूनही फिरवला. गुरुपादप्पांनी शब्द पाळला, संभाला कायम केलं. पेढे नाहीत, पण देवापुढचा खडीसाखरेचा खडा त्याच्या हातावर ठेवला.

आणि मग तो दिवस आला. सकाळपासून मोटर गुरगुरत होती. गुरुपादप्पा टँकर मिळतो का बघायला नव्या कलेक्टर कचेरीत गेले होते. संभानं आग चांगली लावली होती, धुराचा मागमूस नव्हता, आणि त्यानं काचेकडे बघितलं तर पाणी अर्ध्याच्या खाली. त्यानं मोटरवाल्याला हाक मारली. मोटरवाला ओरडला की बोअरमधून वाळू यायलीय. पाणी बोटबोट उतरत गेलं आणि काचेच्या बुडाशी एक ओली रेघ राहिली, मग तीही राहिली नाही.

त्याचं डोकं शांत होतं. मारोती मागे उभा असल्यासारखं त्याला वाटलं. त्यानं बादलीत उरलेलं पिण्याचं पाणी राखेवर ओतलं, ओली राख फावड्यानं भट्टीत मारली, पुन्हा मारली, धगधगतं सगळं झाकून टाकलं, राखेचं दार लावलं, झडप ओढली. आत लोखंड कुरकुरलं. तो बाहेर आला आणि भिंतीला टेकून वाट बघत राहिला. कुरकुर हळूहळू थांबली. बॉयलर फुटला नाही.

गुरुपादप्पा परतले तेव्हा बॉयलर निवायला लागला होता. त्यांनी काच बघितली, राख बघितली आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. टँकर मिळाला नव्हता. कचेरीतल्या साहेबानं सांगितलं होतं की पाणी आधी दवाखान्याला आणि माणसांना, मिलला नाही. साहेब चूक बोलले नाहीत, असं अप्पा स्वतःच म्हणाले. नवा बोअर घ्यायला खालीच पाणी नव्हतं. मशीन सोलापूरच्या कुणीतरी मागितली होती, ती देऊन टाकायची.

“बॉयलर वाचवलास बाबा,” ते म्हणाले. “तुजी जागा हाय तशीच हाय. फकस्त आता काम न्हाई.” आणि ते पाठ फिरवून ऑफिसात गेले. काटेवाल्यानं काट्यावर ताडपत्री टाकली.

संभा फाटकापाशी आला. घरी काय सांगायचं ह्याची त्यानं जुळवाजुळव सुरू केली होती. इतक्यात त्याला रस्त्यावर धूळ दिसली. धुळीत मोळ्या होत्या, एकामागे एक, ओळीनं, आणि खाली लगबगीनं चालणारे पाय. पुढे त्याची माय. तिनं आज नेहमीपेक्षा मोठी मोळी उचलली होती, दारातला कितीतरी दिवसांचा साठा एकदमच आणला होता. मागे पंचशीला, तिच्या डोक्यावरही तेवढीच.

त्यानं मान वर केली. झाकलेली आग आत घुसमटत होती आणि बंद झडपेच्या फटीतून वाट काढत चिमणीतून धूर चालला होता. काळा, दाट. इतका काळा धूर त्यानं मायसाठी मुद्दाम जाळतानाही कधी काढला नव्हता. गावोगाव दिसला असेल.

धुरपताबाई फाटकात येऊन थांबली. तिला धाप लागली होती, पण तोंडावर हसू होतं. “धूर दिसला म्हणून आलाव,” ती म्हणाली. “घे उतरीव, मान मोडली माजी.”

संभानं मोळी धरली. उतरवून ठेवायची कुठे ते त्याला कळेना, म्हणून ती तशीच तिच्या डोक्यावर आणि त्याच्या हातांत अर्धी अर्धी राहिली. त्यानं मायला सांगितलं. पाणी संपलं, बॉयलर बंद झाला, परत सुरू होणार नाही, आता लाकूड कुणालाच नको. मागच्या बाया ऐकायला पुढे आल्या आणि तशाच थांबल्या. पंचशीला खाली बघायला लागली.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग मोळीखालून डोळे वर करून चिमणीकडे बघितलं.

“आजून निगायलाय की रं धूर,” ती म्हणाली.